मोटारीची झिलई : काय घासावे, काय माखावे?

मोटारीचे सामान विकणाऱ्या दुकानात शिरलात, तर एखादी फळी झिलईच्या मालाने भरलेली दिसेल. रबिंग कंपाउंड, पॉलिश, क्लीनर वॅक्स, कार्नोबा वॅक्स, सीलंट, सिरॅमिक कोटिंग! डबे, बाटल्या, ट्यूबा आणि फवारे. प्रत्येकावरचे चित्र मात्र बहुतेक एकच, आरशासारखी लखलखणारी मोटार. दुकानदाराला विचारले तर तो म्हणतो, "कोणतेही घ्या, गाडी चमकेल." त्याचे म्हणणे खोटे नाही. पण यातला काही माल मोटारीच्या रंगावर नवा थर चढवतो आणि काही माल असलेला थर खरवडून काढतो! पहिल्या दिवशी दोहोंचा परिणाम डोळ्यांना सारखाच दिसतो. फरक कळतो तो काही वर्षांनी, आणि तेव्हा पुन्हा रंग देण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.

तेव्हा येत्या सुट्टीत घरची मोटार चकचकीत करण्याचा तुमचा बेत असेल, तर फडके हातात घेण्यापूर्वी चकाकी म्हणजे नेमके काय ते समजून घेऊ या.

आरसा आणि भिंत

प्रकाशाचे नियमित आणि अनियमित परावर्तन तुम्ही शाळेत शिकला आहातच. आरशावर पडलेले समांतर किरण समांतरच परत फिरतात, म्हणून त्यात प्रतिमा दिसते. चुन्याच्या भिंतीवर पडलेले किरण दाही दिशांना विखुरतात, म्हणून भिंत दिसते पण तिच्यात आपला चेहरा दिसत नाही. मोटारीचा रंग चमकतो तो त्याचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट असतो तोवरच.

पण सपाट म्हणजे किती सपाट? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पृष्ठभागावरचे उंचवटे आणि खळगे या तरंगलांबीच्या साधारण आठव्या हिश्शाहून लहान असले, तर प्रकाशाला तो पृष्ठभाग गुळगुळीत वाटतो. म्हणजे ०.१ मायक्रॉनहूनही कमी! पॉलिश करणाऱ्याला गाठायचे आहे ते हे माप.

आणखी एक आकडा पाहा. मोटारीच्या रंगाचा वक्रीभवनांक सुमारे १.५ असतो. अशा पृष्ठभागावर प्रकाश सरळ लंबरूप पडला, तर त्याचा केवळ ४ टक्के भाग परावर्तित होतो. वक्रीभवनांकातून १ वजा करा, वक्रीभवनांकात १ मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा, की हा ४ टक्क्यांचा आकडा तुम्हांलाही मिळेल. प्रकाश तिरपा पडत गेला की हे प्रमाण वाढते. काळ्या मोटारीची सारी ऐट या थोड्याशा परावर्तित प्रकाशावर उभी असते, कारण बाकीचा प्रकाश काळा रंग गिळून टाकतो. म्हणूनच काळ्या मोटारीवर बारीकसा ओरखडाही नजरेत भरतो. पांढऱ्या मोटारीवर तोच ओरखडा रंगाने विखुरलेल्या भरपूर प्रकाशात लपून जातो. पांढरी गाडी कमी खराब होते असे नाही, ती आपली खोडी दाखवत नाही एवढेच.

ताटातली वर्तुळे

आता एक प्रयोग करा. रोजच्या वापरातले, घासून घासून जुने झालेले स्टीलचे ताट घ्या आणि दिव्याखाली धरा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतील. घासणाऱ्याने ताट गोल गोल घासले म्हणून वर्तुळे पडली, असे तुम्ही म्हणाल. पण ताट हळूच सरकवा. वर्तुळांचा मध्य ताटाबरोबर जात नाही. तो दिव्याच्या प्रतिबिंबाबरोबरच राहतो! ओरखडे जर खरोखरच वर्तुळाकार असते, तर असे झाले नसते.

खरा प्रकार असा. ताटावर सर्व दिशांना जाणारे असंख्य बारीक ओरखडे असतात. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीकशी लांबट पन्हळ. अशी पन्हळ प्रकाश फेकते तो मुख्यतः आपल्या लांबीला आडव्या दिशेने. त्यामुळे जे ओरखडे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडलेले असतात, तेवढ्यांचाच प्रकाश तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. बाकीचे तेथे असतात, पण दिसत नाहीत. भर उन्हात मोटारीच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे जाळे दिसते ते हेच. शिक्षकांनी परावर्तनाच्या पाठाच्या वेळी वर्गात हा प्रयोग अवश्य दाखवावा. खर्च काही नाही, आणि मुले घरी जाऊन सगळी भांडी तपासतात.

एका पानाएवढी जाडी

हे ओरखडे पडतात कशावर? मोटारीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. पत्र्याला आधी फॉस्फेटचा रासायनिक लेप, मग विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे बहुवारिकाचा बिनरंगी पारदर्शक थर, अशी रचना आजच्या बहुतेक मोटारींत असते. रंगाचा थर अवघा १० ते २० मायक्रॉनांचा. पारदर्शक थर साधारण ४० मायक्रॉनांचा. सारे मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन.

हे किती? छपाईच्या कागदाचे पाचशे पानांचे रीम पट्टीने मोजा. ते सुमारे ५ सेंटिमीटर भरते. म्हणजे एक पान ०.१ मिलिमीटर, अर्थात १०० मायक्रॉन. मोटारीचे सारे रंगरूप या एका पानाच्या जाडीत मावते, आणि घासायला मोकळा असलेला थर त्याच्या निम्म्याहूनही कमी! शिवाय उन्हातील जंबुपार किरण शोषून घेणारी द्रव्ये या पारदर्शक थरातच मिसळलेली असतात. थर झिजला की खालचा रंग उन्हाला उघडा पडतो, फिका होतो, आणि शेवटी वरच्या थराचे पापुद्रे निघू लागतात. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरट चट्टे पडलेले तुम्ही पाहिले असतील. त्यांतले पुष्कळसे यामुळे झालेले असतात. यंत्राने पॉलिश करणाऱ्यांत एक ठोकताळा आहे, की मोटारीच्या साऱ्या आयुष्यात या थरातले आठ-दहा मायक्रॉनांहून अधिक काढू नयेत.

येथे थोडा इतिहास सांगायला हवा. अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात वरचा पारदर्शक थर नसे. रंग हाच सर्वांत वरचा थर असे. ऊन-वाऱ्याने त्याच्या पृष्ठभागाची भुकटी होई. बोट फिरवले की बोटाला रंग लागे. मग रबिंग कंपाउंडने ही मेलेली भुकटी काढून टाकायची, की खालून ताजा रंग उघडा पडे. त्या रंगाला ते योग्यच होते. रंग बदलले, पण दर दिवाळीला गाडीला कंपाउंड मारून घेण्याची सवय पुष्कळ घरांत आणि गॅरेजांत तशीच राहिली. तुमच्या घरी जपून ठेवलेली जुनी मोटार असेल, तर एका कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडे पॉलिश घासून पाहा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही असे समजावे.

घासून गुळगुळीत

न्यूटनने आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात, १७०४ साली, काचेला झिलई देण्याविषयी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. वाळूने किंवा इतर पुडीने घासून काचेचा कण न् कण सपाट होतो असे मानू नका, असे तो सांगतो. घासणारी पूड जितकी बारीक, तितके ओरखडे बारीक. ते दिसेनासे होईपर्यंत बारीक करत जायचे, एवढेच. मोटारीच्या पॉलिशचे मर्म यातच आहे. पॉलिश ओरखडा भरून काढत नाही. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा भाग त्याच्या तळापर्यंत झिजवते, आणि त्याच्या जागी आपले, डोळ्यांना न दिसणारे ओरखडे ठेवून जाते!

ही पूड बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. माणिक आणि नीलम ज्याचे बनलेले असतात तोच हा पदार्थ. मोसच्या काठिण्यक्रमात त्याचा क्रमांक ९. काही पॉलिशांत डायाटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची मातीही वापरतात. कणांच्या आकारावरून मालाच्या पायऱ्या ठरतात. रबिंग कंपाउंड सर्वांत भरड, त्याखाली पॉलिश, आणि अखेरचा हात फिरवण्याचे पॉलिश सर्वांत बारीक. रंगारी वापरतात तो २००० नंबरचा वॉटर पेपर घेतला, तर त्याचे कण सुमारे १० मायक्रॉनांचे असतात. तो मोटारीवर फिरवला की चकाकी तत्काळ जाते, आणि मग ती कंपाउंड आणि पॉलिश यांनी परत आणावी लागते.

मग निवड कशी करायची? आधी ओरखडा किती खोल आहे ते ठरवा. त्यावरून नख आडवे फिरवा. नख अडले, तर तो पॉलिशने घालवण्याच्या पलीकडे गेला; त्याच्या तळापर्यंत झिजवायचे म्हणजे पारदर्शक थरच संपवायचा. नख अडत नसेल तर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. ओरखडा पाण्याखाली दिसेनासा झाला, तर तो वरवरचा आहे. याचे कारण गमतीचे आहे. ओरखडा दिसतो तो हवेचा वक्रीभवनांक १ आणि थराचा १.५ या मोठ्या फरकामुळे. खळग्यात १.३३ वक्रीभवनांकाचे पाणी भरले की फरक घटतो आणि प्रकाश कमी विखुरतो. घासलेली काच ओली केली की आरपार दिसू लागते ती यामुळेच.

आता हीच युक्ती दुकानदाराच्या फळीवर पाहा. तेलांचे वक्रीभवनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे पाण्याहूनही थराच्या जवळचे. काही पॉलिशांत तेले आणि खळगे भरणारी द्रव्ये घातलेली असतात. लावल्याबरोबर ओरखडे गायब! चार वेळा गाडी धुतली की ते पुन्हा हजर. ही फसवणूकच असे मी म्हणणार नाही. वरवरचे ओरखडे थर न झिजवता झाकून ठेवणे कित्येकदा शहाणपणाचेच ठरते. मात्र आपण ओरखडा काढला की झाकला, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मे पाणी मिसळून त्या फडक्याने जागा पुसली, की तेले निघून जातात आणि खरी स्थिती दिसते. हे काम मोठ्या माणसांसमक्ष करावे आणि जवळपास ज्योत नसावी.

घरी हाताने पॉलिश करायचे असेल तर नियम एकच: सर्वांत बारीक मालापासून सुरुवात करा. तळहाताएवढ्या जागेवर करून पाहा. भागले तर भरड मालाला हातही लावू नका. पत्र्याच्या कडा आणि उठावाच्या रेषा यांवर रंग पातळ असतो आणि घासताना जोर तेथेच अधिक पडतो. त्या शक्यतो सोडून द्याव्यात. काही गाड्यांचा रंग मुद्दामच मंद, बिनचकाकीचा दिलेला असतो. त्याला पॉलिश कधीही लावू नये. तो चमकू लागेल आणि मग पूर्ववत करता येणार नाही.

डब्यावर 'क्लीनर वॅक्स' किंवा 'एकात दोन' असे लिहिले असेल, तर सावध राहा. त्यात मेणाबरोबर बहुधा घासणारी पूडही असते. असे वॅक्स दर महिन्याला लावणे म्हणजे दर महिन्याला पॉलिश करणे. शंका असल्यास काळवंडलेला पितळेचा तुकडा घ्या. एका टोकाला फडक्याने तो माल घासा आणि दुसऱ्या टोकाला तितकाच वेळ, तितक्याच जोराने खोबरेल तेल घासा. पहिले फडके बरेच अधिक काळे झाले आणि पितळ उजळले, तर मालात अपघर्षक पूड आहे. खोबरेल तेलाची तुलना गाळू नका. नुसत्या फडक्यानेही थोडे काळे निघतेच.

माडाचे मेण

आता माखण्याकडे वळू. कार्नोबा हे नाव डब्यांवर मोठ्या अक्षरांत असते. ईशान्य ब्राझीलच्या कोरड्या प्रदेशात कार्नोबा नावाचा माडाच्या कुळातला वृक्ष वाढतो. दुष्काळात पाण्याची वाफ होऊन जाऊ नये म्हणून त्याच्या पानांवर मेणाचा लेप असतो. पाने कापून वाळवतात आणि झोडपतात. मग मेणाचे पापुद्रे झडतात. ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारे हे मेण वनस्पतिज मेणांत फार कठीण समजले जाते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. औषधाच्या आणि चॉकलेटच्या काही गोळ्यांवर जी चमक असते तीही कार्नोबाचीच. (म्हणून मोटारीचे वॅक्स चाखायला जाऊ नका. त्यात पेट्रोलियमपासून काढलेले द्रावक असतात.)

शुद्ध कार्नोबा इतके कठीण की हाताने पसरता येत नाही. म्हणून डब्यात ते मऊ मेणे, तेले आणि द्रावक यांच्याबरोबर येते. लावल्यावर द्रावक उडून जातो, पांढुरकी साय दिसते, ती पुसली की उरतो मायक्रॉनहूनही पातळ थर. जाड थापण्यात अर्थ नाही. जादा मेण फडक्यावरच जाते. आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावू नये. द्रावक झटकन उडून मेणाचे डाग धरतात.

हा थर करतो काय? पाण्याचा पृष्ठताण सेंटिमीटरला सुमारे ७२ डाइन. मेणाला पाण्याचे आकर्षण फारच कमी. त्यामुळे पाणी पसरण्याऐवजी स्वतःलाच धरून राहते आणि त्याचे मणी होतात. अळूच्या पानावरचे पाणी तुम्ही पाहिलेच आहे. तेथे मेणाबरोबर अतिसूक्ष्म उंचवटेही असतात, म्हणून थेंब जवळजवळ पूर्ण गोल होतो. गुळगुळीत मेणावर स्पर्शकोन १०५ ते ११० अंशांपर्यंतच जातो. मोटारीवर अळूच्या पानासारखा गोल थेंब आणता येत नाही तो याच कारणाने. उंचवटे केले तर चकाकी जाईल!

मण्यांनी फार भुलूही नये. मणी म्हणजे पृष्ठभागावर तेलकट काहीतरी आहे, एवढीच खूण. शिवाय बोअरच्या जड पाण्याचा मणी जागीच वाळला, तर त्यातला सारा चुना एका कड्यात जमतो. म्हणून गाडी धुतल्यावर कोरडी करावी. मेणाचा खरा उपयोग वेगळा आहे. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, क्षार यांचा पहिला मारा ते आपल्यावर घेते. ते झिजले तर पुन्हा लावता येते. पारदर्शक थर पुन्हा लावता येत नाही.

मेण साधारणपणे काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. सीलंटमध्ये सिलिकोनयुक्त बहुवारिके असतात आणि ती अधिक काळ टिकतात. सिरॅमिक कोटिंग त्याहूनही अधिक काळ. ते सिलिकायुक्त कठीण जाळे तयार करते आणि नको झाले तर घासूनच काढावे लागते. म्हणून घरी पहिल्याच प्रयत्नात ते करू नये, असे माझे मत आहे. गाडीचा एखादा भाग लवकरच रंगवून घ्यायचा असेल, तर सिलिकोनचा माल अजिबात टाळा. सिलिकोनचा पृष्ठताण केवळ २१ डाइनच्या आसपास असतो. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग तेथे बसत नाही. माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. रंगारी त्याला फार वैतागतात.

लेबलावरची शब्दकळा

'९ एच कठिनता' असे पुष्कळ कोटिंगांवर लिहिलेले असते, आणि मोसच्या क्रमात ९ म्हणजे माणिक, असे विकणारे खुशाल सांगतात. येथला एच तुमच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलीचा आहे! ४५ अंशांत धरलेली पेन्सिल थरावर ढकलतात. ज्या नंबरापर्यंत ओरखडा पडत नाही, ती त्या थराची पेन्सिल-कठिनता. पेन्सिलीची कांडी ग्रॅफाइट आणि माती यांची. रस्त्यावरच्या वाळूतला क्वार्ट्‌झ मोसच्या क्रमात ७ वर असतो, आणि तो कोणत्याही पेन्सिलीहून फार कठीण आहे.

काही वॅक्सांत टेफ्लॉन असल्याचे सांगतात. तव्यावर टेफ्लॉन पक्के बसते ते भट्टीत, कारण त्याचा वितळबिंदू ३२७ अंश सेल्सिअस आहे. फडक्याने घासून ते रंगाला तसे चिकटणार नाही. मेणाने जंबुपार किरण अडतात, हा दावाही मायक्रॉनहून पातळ थराच्या बाबतीत बेतानेच घ्यावा.

पण मुळात ओरखडे पाडतो कोण? उत्तर बहुधा घरातच असते. सकाळी कोरड्या फडक्याने झटापट गाडी पुसण्याची पद्धत आपल्याकडे सार्वत्रिक आहे. इमारतीतल्या दहा गाड्या एका बादलीत, एकाच फडक्याने पुसल्या जातात. फडके मऊ असते, पण त्याखाली सापडलेला वाळूचा कण मऊ नसतो. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्यावी, मग गाडीच्या शॅम्पूने वरून खाली धुवावे, फडके वेगळ्या बादलीत खळबळावे. भांड्यांचा साबण मेणही घेऊन जातो, म्हणून तो फक्त जुने मेण काढायचे असेल तेव्हाच वापरावा. धुतल्यानंतर हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवा. खरखर लागली तर सिमेंटचे किंवा लोखंडाचे कण रुतलेले आहेत; ते क्ले नावाच्या मळलेल्या कणकेसारख्या वडीने, साबणाचे पाणी लावून काढतात. मग गरज असेल तरच पॉलिश, आणि सर्वांत शेवटी मेण.

मेण कधी पुन्हा लावायचे, हे डब्यावरच्या आकड्यापेक्षा मोजून ठरवा. बॉनेटच्या सपाट भागावर शेजारीशेजारी दोन चौकोन घ्या. एकाला मेण लावा, दुसरा तसाच ठेवा. दर रविवारी ड्रॉपरने दोन्हींवर एकेक थेंब सोडा आणि त्याचा व्यास पट्टीने मोजून वहीत लिहा. मेणावरचा थेंब आधी लहान भरेल, मग आठवड्यागणिक पसरत जाईल. दोन्ही व्यास सारखे झाले, की मेण संपले. हा प्रयोग एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यात करा, आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा.